विकिलीक्स, सरकारी गुपितं आणि ती दाबण्याचे प्रयत्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकिलीक्स ही साइट काढणारा ज्युलियन असांज २०२४ ला तुरुंगातून सुटला तेव्हापासून ओळखीपाळखीतले बरेच जण मला हेच हेच प्रश्न विचारतात. तरुण मुलांना तर २०१० सालचं काहीच आठवत नाही, ती तेव्हा पहिली-दुसरीत होती. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे, काही दोन ओळींत संपलीत.

व्हिसलब्लोअरला मराठीत काय म्हणायचं?

पेपरवाले 'जागल्या' म्हणतात आणि मला तो शब्द फार पटतो. पूर्वी गावात रात्रीची गस्त घालणारा तो जागल्या, गाव झोपलेलं असताना हा जागा, कुठे खुट्ट झालं की ओरडणार. गावच्या जागल्याला चोर बाहेरून येणार असं धरून चालता यायचं, इथे मात्र ज्याचं मीठ खातो त्याच्याच घरातली चोरी ओरडून सांगायची असते, म्हणून तर याला एवढं सोसावं लागतं.

विकिलीक्स म्हणजे विकिपीडियाचंच काही आहे का?

नाही, काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियाच्या असांजने २००६ साली काही लोकांना घेऊन ही साइट सुरू केली. कल्पना अशी की कुणाकडेही दडवलेला पण लोकांच्या कामाचा कागद असेल तर नाव न सांगता टाकायचा, आणि साइटने तो अस्सल आहे का बघून जसाच्या तसा छापायचा. सुरुवातीला अमेरिकेचा फारसा विषयच नव्हता, २००७ ला केनियाचे माजी राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांच्या काळातल्या लुटीचा रिपोर्ट त्यांनी छापला, त्याच वर्षी अमेरिकेचा ग्वांतानामो तुरुंग कसा चालवायचा याचं तिथल्या सैन्याचं मॅन्युअल.

२०१० मध्ये एवढं काय बाहेर आलं?

चार मोठ्या गोष्टी आल्या. एप्रिलमध्ये बगदादचा व्हिडिओ, जुलैमध्ये अफगाणिस्तान युद्धाचे रिपोर्ट, ऑक्टोबरमध्ये इराक युद्धाचे ३,९१,८३२ रिपोर्ट आणि २८ नोव्हेंबरपासून अमेरिकन वकिलातींच्या केबल्स (म्हणजे काय ते पुढे सांगतो).

व्हिडिओबद्दल जरा थांबून सांगतो, कारण ज्यांनी तो पाहिलाय ते विसरू शकत नाहीत. १२ जुलै २००७, बगदाद. अमेरिकन सैन्याच्या अपाचे हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्यातून काळं-पांढरं चित्र दिसतं, खाली रस्त्यावर काही माणसं चाललीत. त्यात रॉयटर्स या बातम्यांच्या एजन्सीचा फोटोग्राफर नमिर नूर-एल्दीन आहे आणि त्याच एजन्सीचा ड्रायव्हर सईद शमाग. खांद्याला लटकवलेला कॅमेरा वरून हत्यारासारखा दिसतो. त्या घोळक्यात एकदोघांकडे खरोखर हत्यारं होती असं सैन्याचं म्हणणं आहे आणि व्हिडिओ नीट पाहिला तर ते खोटं वाटत नाही, हेही सांगायला पाहिजे. गोळ्या सुटतात, धूळ उडते, धूळ खाली बसते तेव्हा माणसं पडलेली असतात. सईद जखमी होऊन फुटपाथच्या कडेने सरपटतोय. मग एक व्हॅन येते, दोन माणसं उतरून त्याला उचलायला लागतात, आणि वरून परवानगी मागितली जाते, मिळते, आणि व्हॅनवर गोळ्या सुटतात. पुढच्या सीटवर दोन लहान मुलं बसलेली होती. मुलं वाचली, बाप गेला. पायदळातला एक सैनिक त्यातल्या एका मुलाला हातावर घेऊन धावतो ते वरून बारीकसं दिसतं.

रॉयटर्सने माहितीच्या कायद्याखाली हा व्हिडिओ मागितला होता, त्यांना मिळाला नाही. सैन्याच्या चौकशीत सगळं नियमात बसवलं गेलं. हेलिकॉप्टरमधल्या कुणावर खटला झाला नाही, खटला झाला तो व्हिडिओ बाहेर देणाऱ्यावर. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

हे सगळं बाहेर दिलं कुणी?

चेल्सी मॅनिंग, अमेरिकन सैनिक. तेव्हाचं नाव ब्रॅडली, नंतर स्त्री म्हणून चेल्सी झाली, तेव्हा वय २२, बगदादजवळच्या एका तळावर गुप्त माहितीचं विश्लेषण करायची नोकरी. सीडीवर लेडी गागाचं नाव घालून, कानाला हेडफोन लावून, ओठ हलवत गाणं ऐकत बसल्यासारखं करत तिने फाइल्स उतरवून घेतल्या, कुणी विचारलंही नाही. पकडली गेली ती कुठल्या सिस्टिमच्या हुशारीमुळे नाही, ऑनलाइन चॅटवर एका अनोळखी हॅकरजवळ मन मोकळं केलं आणि त्याने जाऊन सांगितलं. मे २०१० मध्ये अटक झाली, म्हणजे केबल्स छापल्या जायच्या सहा महिने आधीच ती आत होती.

त्यानंतर क्वांटिकोच्या सैनिकी कोठडीत जवळजवळ नऊ महिने एकटीला डांबलं, दिवसातले २३ तास खोलीत, रात्री कपडे काढून घ्यायचे. संयुक्त राष्ट्रांचे छळविषयक प्रतिनिधी हुआन मेंडेझ यांनी ही वागणूक क्रूर आणि अमानुष असल्याचं लेखी म्हटलं. २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली, 'शत्रूला मदत' हा सगळ्यात गंभीर आरोप मात्र टिकला नाही. जानेवारी २०१७ मध्ये ओबामांनी जाता जाता शिक्षा कमी केली आणि मे मध्ये ती सुटली. २०१९ ला ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणारं पंचमंडळ) विकिलीक्सविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला म्हणून पुन्हा आत, जवळपास वर्षभर.

केबल म्हणजे काय? वायर का?

नाही हो, जुन्या काळी तारेने संदेश जायचे त्यावरून राहिलेला शब्द. वकिलातीतले अधिकारी आपल्या राजधानीला जे रिपोर्ट धाडतात ते म्हणजे केबल. एकूण २,५१,२८७ केबल्स होत्या. एक गोष्ट लोकांना माहीतच नसते: यातल्या १,३३,८८७ वर गुप्ततेचा शिक्काच नव्हता, १,०१,७४८ 'गोपनीय' होत्या आणि १५,६५२ 'गुप्त'. 'परमगुप्त' एकही नाही. आणि ज्या नेटवर्कवर हे सगळं होतं ते लाखो सरकारी आणि सैनिकी लोकांना उघडता येत होतं, बावीस वर्षांच्या साध्या सैनिकालासुद्धा. ज्यांचे पैसे खर्च होतात आणि ज्यांच्या नावाने युद्ध होतं त्यांनी तेवढं वाचायचं नाही.

मग साइट बंद कशी पाडली? सरकारने कोर्टातून आदेश आणला का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याचं उत्तर बहुतेकांना चुकीचं माहीत असतं. कोर्टाचा आदेश नव्हता. एकही नव्हता. विकिलीक्सवर तोपर्यंत कुठला गुन्हाही दाखल नव्हता.

झालं असं की केबल्स यायला लागल्यावर साइटवर प्रचंड हल्ला सुरू झाला, लाखो खोट्या विनंत्या पाठवून सर्व्हर गुदमरवतात तो प्रकार. म्हणून त्यांनी साइट अ‍ॅमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवली. सिनेटर जो लीबरमन यांच्या ऑफिसातून अ‍ॅमेझॉनला विचारणा झाली आणि १ डिसेंबरला अ‍ॅमेझॉनने त्यांना काढून टाकलं. कारण दिलं की आमच्या अटी मोडल्या, तुम्ही टाकलेला मजकूर तुमच्या मालकीचा नाही. दुसऱ्या दिवशी, ज्या कंपनीकडे wikileaks या नावाचा पत्ता लावून द्यायचं काम होतं त्या एव्हरीडीएनएसने, हल्ल्यामुळे आमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना त्रास होतोय म्हणत, हात वर केले. ४ तारखेला पैसे पाठवायची सोय देणाऱ्या पेपालने खातं बंद केलं. मग स्विस पोस्टाच्या बँकेने असांजचं खातं बंद केलं, त्याच्या पाठोपाठ मास्टरकार्ड, मग व्हिसा, मग बँक ऑफ अमेरिका. अ‍ॅपलने अ‍ॅप काढलं. केबल्सचे आलेख ज्या साइटवर होते त्या टॅब्लोने आलेखसुद्धा उतरवले, आणि त्या आलेखांत एकही केबल नव्हती, कुठल्या देशातून किती केबल्स एवढंच होतं.

म्हणजे बघा, सर्व्हर गेला, पत्ता गेला, पैसे यायची वाट गेली, आणि हे सगळं तीनेक आठवड्यांत, आणि कुठल्याही न्यायाधीशापुढे एकही शब्द न बोलता. सरकारने बंदी घातली असती तर अमेरिकेत लगेच घटनेचा प्रश्न आला असता, कोर्टात टिकली नसती. १९७१ ला व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद डॅनियल एल्सबर्गने पेपरांना दिले तेव्हा निक्सन सरकारने छपाई थांबवायला कोर्ट गाठलं होतं आणि सुप्रीम कोर्टात हरलं होतं. २०१० मध्ये कोर्टात जायची गरजच पडली नाही, कारण आपण सगळे बोलतो, लिहितो, पैसे पाठवतो ते चारदोन कंपन्यांच्या अंगणात, आणि अंगणाच्या मालकाने हाकललं तर दाद मागायची कुठे.

पैसे अडवल्याने खरंच फरक पडला का?

खूप. नाक दाबलं की तोंड उघडतं हे त्यांना बरोबर माहीत होतं. विकिलीक्सच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची ९५ टक्के आवक बंद झाली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांना छपाईच थांबवावी लागली. व्हिसा आणि मास्टरकार्ड सोडून कार्ड चालवणारं तेव्हा जगात कितीसं होतं सांगा. आइसलंडमध्ये त्यांच्या बाजूने देणग्या गोळा करणाऱ्या डेटासेल कंपनीने व्हिसाच्या तिथल्या भागीदारावर केस केली आणि एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पेमेंट पुन्हा सुरू करायला सांगितलं, म्हणजे अडवणूक बेकायदा होती हे ठरायला अडीच वर्षं गेली. बिटकॉइनकडे ते याच काळात वळले, २०११ मध्ये.

मिरर म्हणजे काय? माहिती टिकली कशी?

मिरर म्हणजे साइटची हुबेहूब कॉपी, दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेली. विकिलीक्सने आवाहन केलं की ज्याच्याकडे जागा आहे त्याने कॉपी ठेवा, आणि साधारण आठवडाभरात हजारावर मिरर उभे राहिले. स्वित्झर्लंडच्या पायरेट पार्टी या पक्षाने .ch वाला पत्ता दिला. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या खडकाखाली ३० मीटरवर एक जुनं अणुयुद्धाचं बंकर आहे, तिथल्या डेटा सेंटरमध्येही त्यांचे सर्व्हर होते. फ्रान्समध्ये मंत्री एरिक बेसाँ यांनी ओव्हीएच या कंपनीने त्यांना जागा देऊ नये म्हणून दबाव आणला, तर कंपनी उलट कोर्टात गेली, तुम्हीच सांगा हे बेकायदा आहे का, आम्ही किंवा मंत्र्यांनी का ठरवायचं. मला त्या सगळ्या गोंधळात ही एकच कंपनी सरळ वागलेली वाटते.

मी तेव्हा पुण्यात होस्टिंगच्या सपोर्टला नाइट शिफ्ट करायचो. त्या दिवसांत एका पहाटे साइटचं नाव टाकलं तर काही उघडेना, ब्राउझर नुसता गोल फिरतोय. शेजारच्या टेबलवरच्या मित्राने व्हाइटबोर्डवर आकडे लिहिले, २१३.२५१.१४५.९६, म्हणाला हे टाक. टाकलं आणि पांढऱ्या पानावर ते विकिलीक्सचं वाळूच्या घड्याळाचं चित्र उघडलं. नाव काढून घेतलं तरी घर जागेवरच असतं हे नेटवर्किंगच्या पुस्तकात वाचलेलं त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. ते आकडे महिनाभर बोर्डवर तसेच होते, कुणी पुसले नाहीत. कोंबडा झाकला म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही असं आजी म्हणायची.

असं दाबायला जाऊन उलटच झाल्याची आधीची उदाहरणं आहेत का?

भरपूर. विकिलीक्सचंच घ्या, फेब्रुवारी २००८ मध्ये ज्युलियस बेअर या स्विस बँकेने कॅलिफोर्नियात केस करून साइटचं नावच बंद करायचा आदेश मिळवला, तर तोपर्यंत बँकेच्या केमन बेटांवरच्या कागदांकडे ढुंकूनही न बघणारे लोक बेल्जियमच्या पत्त्यावरून ते वाचायला लागले. दोन आठवड्यांत त्याच न्यायाधीशाने आदेश मागे घेतला. २००९ मध्ये ट्राफिगुरा कंपनीने आयव्हरी कोस्टमध्ये टाकलेल्या विषारी कचऱ्याचा रिपोर्ट ब्रिटनमध्ये छापायला बंदी आली, आणि बंदी आहे हे सांगायलाही बंदी, इतकी की संसदेत खासदाराने विचारलेला प्रश्नसुद्धा गार्डियन या पेपरला छापता येईना. एका रात्रीत ट्विटरवर सगळ्यांना कळलं.

आणि जुलै २०१३ चा प्रसंग. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचे कागद बाहेर काढणाऱ्या एडवर्ड स्नोडेनच्या फाइल्स गार्डियनकडे होत्या, ब्रिटिश सरकार मागे लागलेलं की द्या नाहीतर नष्ट करा. शेवटी लंडनच्या ऑफिसच्या तळघरात पेपरच्याच लोकांनी ग्राइंडर आणि ड्रिल घेऊन कॉम्प्युटरचे तुकडे केले आणि गुप्तहेर खात्याची दोन माणसं बाजूला उभी राहून बघत होती. फाइल्सच्या कॉप्या न्यूयॉर्कला आणि ब्राझीलला आहेत हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सरकारी नोकरांना हे वाचायलाच बंदी होती हे खरं का?

खरं. डिसेंबर २०१० मध्ये व्हाइट हाउसच्या बजेट ऑफिसने सगळ्या खात्यांना कळवलं की छापून आलं म्हणून कागदाची गुप्तता संपत नाही, तेव्हा परवानगी नसलेल्यांनी उघडू नये. लायब्ररी ऑफ काँग्रेसने साइट ब्लॉक केली, एक ग्रंथालय असून. हवाई दलाने आपल्या कॉम्प्युटरवर न्यूयॉर्क टाइम्स आणि गार्डियनच बंद केले. कोलंबिया विद्यापीठात तर करिअर ऑफिसने विद्यार्थ्यांना मेल पाठवला की सरकारी नोकरी पाहिजे असेल तर या केबल्सच्या लिंक फेसबुकवर टाकू नका, नंतर तिथल्या डीनने तो मागे घेतला. माझा आतेभाऊ तेव्हा तिकडे एका सरकारी प्रोजेक्टवर कंत्राटी होता, तो माझ्या आईशी फोनवर बोलताना सुद्धा या विषयावर आला की "अगं मामी, ते राहू दे" म्हणायचा. अमेरिकेत राहायचा व्हिसा जाईल ही भीती, दुसरं काय. दाबादाबीचा खरा परिणाम मला तिथे दिसतो, एक साधा माणूस घरच्यांशी बोलताना जीभ आवरतो त्यात.

अ‍ॅनॉनिमसने व्हिसा-मास्टरकार्डच्या साइट पाडल्या ते बरोबर होतं का?

नाही. भावना समजू शकतो, पण विकिलीक्सवर जो प्रकार झाला तोच उलटून या हॅकर मंडळींनी केला, दुसऱ्याची साइट गुदमरवणं म्हणजे त्याचं तोंड दाबणंच. आणि त्यात सापडले कोण, तर घरात बसून एक टूल डाउनलोड करून बटण दाबलेली कॉलेजची पोरं. पेपालवरच्या हल्ल्यासाठी जुलै २०११ मध्ये अमेरिकेत १४ जणांना अटक झाली.

पण यामुळे माणसांचे जीव धोक्यात आले ना?

हा प्रश्न झटकून टाकू नका, यात दम आहे. अफगाणिस्तानच्या रिपोर्टमध्ये सैन्याला माहिती देणाऱ्या काही स्थानिक लोकांची नावं होती आणि ती छापली गेली. ही चूक होती, विकिलीक्सची, आणि अ‍ॅम्नेस्टीसारख्या संघटनांनीही तेव्हाच तसं सांगितलं. त्यानंतर इराकच्या रिपोर्टमध्ये त्यांनी नावं कसोशीने काढली.

प्रत्यक्षात कुणी मेलं का? मॅनिंगच्या खटल्यात, नुकसानीची चौकशी केलेले ब्रिगेडियर जनरल रॉबर्ट कार सरकारतर्फे साक्षीला होते, त्यांना या रिपोर्टांत नाव आलं म्हणून मारला गेलेला एकही माणूस दाखवता आला नाही. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनीही केबल्स आल्या आल्या म्हटलं होतं की लाजिरवाणं आहे, अडचणीचं आहे, पण परराष्ट्र धोरणावर परिणाम बेताचाच होईल. धोका होता आणि नशिबाने टळला, असं माझं मत.

मग २०११ मध्ये सगळ्या केबल्स नावांसकट कशा बाहेर आल्या?

ही फार वाईट गोष्ट आहे आणि खापर कुणा एकावर फोडता येत नाही. सुरुवातीला गार्डियन, न्यूयॉर्क टाइम्स, डेर श्पीगेल, ल मोंद आणि एल पाईस ही पाच वर्तमानपत्रं-साप्ताहिकं नावं झाकून थोड्या थोड्या केबल्स छापत होती. असांजने गार्डियनच्या पत्रकाराला पूर्ण फाइल उघडायचा पासवर्ड दिला होता. विकिलीक्सकडून ती कुलूपबंद फाइल मिररच्या गठ्ठ्यात गेली आणि जगभर पसरली. फेब्रुवारी २०११ मध्ये गार्डियनच्या लोकांनी पुस्तक काढलं आणि त्यात तो पासवर्ड छापला, आता तो जुना झाला असेल असं समजून. म्हणजे तिजोरी गावभर वाटलेली आणि किल्ली पुस्तकाच्या दुकानात. ऑगस्टमध्ये एका जर्मन साप्ताहिकाने याचा वास काढला, लोकांनी दोन आणि दोन जोडले, आणि २ सप्टेंबरला विकिलीक्सने आता लपवून काय उपयोग म्हणत सगळंच उघडं टाकलं. त्या पाचही जणांनी निषेध केला. मिरर हीच त्यांची ताकद होती आणि तीच इथे अंगलट आली, एकदा पसरलं की परत बोलावता येत नाही.

भारताबद्दल काही होतं का?

होतं. मार्च २०११ मध्ये 'द हिंदू'ने भारतासंबंधीच्या ५,१०० केबल्स घेऊन रोज पान पान छापायला सुरुवात केली. सगळ्यात गाजली ती जुलै २००८ च्या विश्वासदर्शक ठरावाची. अणुकरारावरून सरकार पडायच्या बेतात होतं, आणि एका काँग्रेस नेत्याच्या सहायकाने खासदारांसाठी ठेवलेल्या पैशांच्या पेट्या दाखवल्या असं दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीने केबलमध्ये लिहिलं होतं. संबंधितांनी साफ नाकारलं. संसद ठप्प झाली, सरकार म्हणालं की परक्या देशाच्या वकिलातीचा पत्रव्यवहार आहे, त्याच्या खरेपणाची खातरजमा आम्ही करू शकत नाही. केबल म्हणजे पुरावा नव्हे हे मान्यच आहे, एका अधिकाऱ्याने ऐकलेलं-पाहिलेलं त्याने वर कळवलं एवढाच त्याचा अर्थ. पण आपल्या लोकसभेत काय शिजतंय हे आपल्याला वॉशिंग्टनच्या फाइलीतून कळावं याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं.

असांजचं शेवटी काय झालं?

स्वीडनमध्ये दोन बायकांच्या लैंगिक गुन्ह्यांच्या तक्रारी होत्या, तिकडे पाठवणी टाळायला जून २०१२ मध्ये तो लंडनच्या इक्वेडोर वकिलातीत शिरला आणि जवळपास सात वर्षं तिथेच राहिला. तक्रारींची कोर्टात तड लागलीच नाही, २०१९ मध्ये तपास बंद झाला, आणि हे त्या बायकांवर अन्यायाचं झालं असं मी मानतो, तो किती मोठा माणूस याच्याशी त्याचा संबंध नाही. एप्रिल २०१९ मध्ये इक्वेडोरने आश्रय काढला, पोलिसांनी उचलून बाहेर आणलं, पाच वर्षं बेलमार्श तुरुंगात. अमेरिकेने १८ आरोप ठेवले, त्यातले १७ हेरगिरीच्या १९१७ च्या कायद्याखाली. त्या कायद्यात मी हे लोकहितासाठी केलं असं सांगून सुटताच येत नाही. जून २०२४ मध्ये तडजोड झाली, पॅसिफिकमधल्या सायपान बेटावरच्या अमेरिकन कोर्टात त्याने एक गुन्हा कबूल केला, भोगलेले ६२ महिने शिक्षेत धरले आणि तो कॅनबेराला घरी गेला. माहिती मिळवून छापल्याचा गुन्हा कबूल करून सुटका, हा पायंडा पत्रकारांच्या डोक्यावर राहणारच.

२०१६ च्या निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांच्या गोटातले ईमेल त्यांनी छापले, ते रशियाच्या सैनिकी गुप्तहेरांनी चोरल्याचा आरोप अमेरिकेने २०१८ मध्ये १२ जणांवर ठेवला. माझा त्या माणसावरचा विश्वास तिथे बराच कमी झाला. बगदादचा व्हिडिओ त्याने खोटा होत नाही.

आपल्याकडे कायदा काय आहे?

ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट १९२३ चा, इंग्रजांचा, अजून चालू. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) सांगतं की लोकहित मोठं असेल तर गुप्ततेचा कायदा असला तरी माहिती देता येते. २०१९ ला राफेलच्या केसमध्ये हिंदूने छापलेले कागद चोरीचे आहेत म्हणून बघू नका असं सरकारने म्हटलं आणि सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण तो अंमलात आणलेलाच नाही. त्यातही निनावी तक्रार चालत नाही.

सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्यातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता, माझं नाव गुप्त ठेवा असं लिहून. नाव तसंच कार्यालयाकार्यालयांतून फिरलं आणि २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांना गोळी घातली. आणि आमच्या इथे, पुण्यापासून तासाभरावर तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी माहिती अधिकारातून जमिनींचे कागद काढत होते, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले असताना त्यांना मारलं. ज्या २०१० बद्दल मी हे सगळं लिहितोय त्याच वर्षीची ही गोष्ट. केबल्सला आठवड्यात हजार मिरर मिळाले. शेट्टींच्या कागदांची कॉपी कुणाकडे असती तर त्यांना मारून काही साधलं असतं का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मी स्वतः एकदा एका सरकारी कार्यालयात रस्त्याच्या कामाची मोजमाप वही मागितली होती. दोन महिन्यांनी उत्तर आलं, 'सदर नस्ती उपलब्ध होत नाही'. अपिलाच्या दिवशी तीच वही, लाल फडक्यात बांधलेली, अधिकाऱ्याच्या मागच्या कपाटावर वरच्या फळीला दिसत होती. मी बोटाने दाखवली, त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. शेवटी मिळाली, पण ज्या पानांसाठी मागितली होती तेवढीच पानं नव्हती.

माझ्याकडे ऑफिसातले काही कागद आहेत, काय करू?

सगळ्यात आधी, उत्साहात फोनवरून फॉरवर्ड करू नका. माहिती अधिकारात तेच कागद मागून मिळत असतील तर आधी ते करा, दुसऱ्या कुणाच्या नावाने अर्ज गेला तर तुमच्याकडे बोटही जात नाही. नाहीच मिळत तर वकिलाशी समोरासमोर बोला. ऑफिसचा कॉम्प्युटर, ऑफिसचं वायफाय, ऑफिसचा प्रिंटर, यातलं काही वापरू नका. २०१७ मध्ये रिॲलिटी विनर नावाच्या अमेरिकन मुलीने एक गुप्त रिपोर्ट ऑफिसात प्रिंट करून पत्रकारांना पोस्टाने पाठवला. पत्रकारांनी खात्री करायला तो सरकारलाच दाखवला. कागदावर घडी दिसत होती, म्हणजे प्रिंट काढलेला, आणि प्रिंट काढणारे होते सहाच जण. शिवाय कलर प्रिंटर कागदावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके टाकतो, त्यात तारीख, वेळ आणि मशीनचा नंबर असतो. तिला ६३ महिन्यांची शिक्षा झाली.

मोठ्या वर्तमानपत्रांकडे सिक्योरड्रॉप असतं, आपण कुठून बघतोय हे लपवणाऱ्या टोर ब्राउझरमधून उघडायचं, नाव-गाव न देता फाइल टाकता येते. याच्या मूळच्या प्रोग्रामवर आरन स्वार्ट्झ या अमेरिकन प्रोग्रामरने काम केलं होतं. पण कुठलंही टूल तुम्हाला तुमच्याच तोंडापासून वाचवू शकत नाही, मॅनिंगची गोष्ट वर सांगितलीच आहे. मित्राला नको, बायकोला-नवऱ्याला नको, शेजारच्या टेबलवरच्याला तर नकोच. आणि कागदात दुसऱ्या कुणा साध्या माणसाचं नाव, पत्ता, आजारपण असेल तर देण्याआधी काळं करा.

ते कागद आज कुठे वाचता येतात?

केबल्स विकिलीक्सच्या साइटवर शोधता येतात, देश, साल, वकिलात असं निवडून. मुंबईचं कॉन्सुलेट निवडलं की आपल्याकडच्या राजकारणावर, बॉलिवूडवर, शेतकऱ्यांवर लिहिलेलं पण सापडतं. वाचताना खाली सही कुणाची आणि वर तारीख काय हे आधी बघा, आणि त्याच दिवसांचे इथले जुने पेपर शेजारी उघडून ठेवा.